पाळण्यातला वरवंटा

एका राज्यात एक राजा होता. राजाचं नाव वीरकेतू, राणीचं पद्मकळा. राज्य कसं, तर नदी दुथडी वाहायची, कोठारं भरून सांडायची, आणि चोरसुद्धा चोरी करून झाली की लाजून आपणहून चावडीवर यायचे. सगळं होतं, पाळणा तेवढा रिकामा होता. लग्नाला फार काळ लोटला नव्हता, पण राजाला घाई. त्यातून त्याला नुसतं मूल नको होतं, मुलगाच हवा होता. त्याचा बाप, आजा, पणजा सगळे सांगून गेले होते की गादीला मुलगा हवा. का हवा, ते मात्र एकानंही सांगितलं नव्हतं. मोठ्यांचं हे असंच.

अशात दक्षिणेच्या कड्यावरून विकटनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. वय विचाराल तर कुणाला सांगता येईना. तो म्हणाला, मूल पोटात आल्यावर नवस बोलतात ते खुळे. जे ठरवायचं ते आधीच ठरवावं लागतं.

आता त्या राज्यात बारशाची एक रीत होती. बाळाला पाळण्यात घालण्याआधी स्वयंपाकघरातला वरवंटा आणायचा, त्याला कुंची घालायची, काजळाची तीट लावायची, आणि बायकांनी तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती द्यायचा. मग वरवंटा बाजूला, बाळ पाळण्यात, आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगणार. विकटनाथानं ही रीत उलटी केली. म्हणाला, "गर्भ राहण्याआधी बारसं करा. वरवंटाच पाळण्यात निजवा, त्याच्या कानात मुलाचं नाव सांगा. नाव पुढे गेलं की त्या नावाचा मुलगा मागून येतोच."

राजानं विचारलं, दक्षिणा काय? मांत्रिक म्हणाला, "जे पाळण्यापर्यंत पोचणार नाही ते माझं." पोचणार नाही म्हणजे काय, हे भर दरबारात एकालाही विचारावंसं वाटलं नाही. एवढे शहाणे तिथे बसले होते, पण मुलाचं नाव निघालं की शहाण्यांची अक्कल चरायला जाते.

पद्मकळेच्या मनात पाल चुकचुकली होती. पण ती बोलली नाही. खरं सांगायचं तर तिलाही वाटलं, होऊ दे एकदाचा मुलगा, म्हणजे सुटले.

बारसं थाटात झालं. राजाची थोरली बहीण आक्कासाहेब, त्यांनी वरवंट्याच्या कानात 'रणशूर' असं नाव सांगितलं. वरवंट्याला कान कुठला, म्हणू नका. एक टोक कानाचं धरलं आणि कुर्रर्र केलं. दुसऱ्या दिवशी दासी वरवंटा उचलायला गेली, तर तो हलेना. चार पहिलवान आणले, त्यांच्या कमरा धरल्या, वरवंटा जागचा हलला नाही. विकटनाथ म्हणाला, शुभ लक्षण आहे, नाव रुजलं. आणि तो निघून गेला.

राजानं केलं म्हटल्यावर प्रजा कशी मागे राहील? ज्याला त्याला मुलगा हवाच होता. घरोघरी पाळणे टांगले, घरोघरी वरवंटे निजवले, आणि घरोघरी ते पाळण्याला जडले. मग काय झालं? दोन गोष्टी झाल्या. एक तर पाट्यावर वाटायला वरवंटाच उरला नाही, त्यामुळे अख्ख्या राज्यात चटणी बंद, वाटण बंद. लोक मिळमिळीत जेवू लागले आणि एकमेकांवर खेकसू लागले. आणि दुसरी गोष्ट अशी की राज्यात एकही मूल जन्माला येईना. ना मुलगा, ना मुलगी. सुइणी दारात बसून पायाची बोटं मोजायच्या.

राजा रोज पाळण्यापाशी बसायचा. दगडाला झोके द्यायचा, रणशुराला घोडा कोणता द्यायचा ते त्याच्याशी बोलायचा. राणी दारात उभी राहून ऐकायची. तिला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची. मग एक दिवस दगडाला झोका देता देताच तो म्हणाला, "राणी, नाव रुजलं आहे, पाळणाही तयार आहे. खोट असेल तर तुमच्या कुशीत आहे. दसऱ्याला मी दुसरं लग्न करतो. तुम्हाला नदीपलीकडचा महाल देईन, काही कमी पडणार नाही."

राणी म्हणाली, "जशी महाराजांची मर्जी." आणि आत जाऊन पोटात पाय घेऊन रडली. माहेर मिटलेलं, सासर सुटणार, आणि जे बाळ तिनं मनात कितीदा मांडीवर घेतलं होतं, ते कायमचं जाणार. दुसरं तिसरं काही नाही, तिला ते बाळ हवं होतं.

राणी रोज खिडकीत कावळ्यासाठी घास ठेवी. त्या दिवशी एक म्हातारी कावळी आली, तिनं घास चाखला आणि थुंकला. म्हणाली, "राणी, घास अळणी झाला तुझ्या राज्याचा."

कावळी बोलली याचं राणीला नवल वाटलं नाही. त्या राज्यात कावळ्या बोलत, फक्त त्यांच्याशी बोलायला कुणाला सवड नसे. राणी म्हणाली, वरवंटा पाळण्यात, तर वाटण कुठलं? तेव्हा कावळीनं तिला सगळी गोम सांगितली. मूल यायचं असतं तेव्हा त्याचा जीव आधी पाळणा बघून जातो. ठिणगीएवढा असतो तो. पाळण्यात आधीच कुणी नावानिशी निजलेलं दिसलं, की आपल्याला इथे जागा नाही असं समजून बिचारा मागे फिरतो. मग वाटेत विकटनाथ बसलेलाच. तो त्यांना गोळा करतो, गाडग्यांत कोंडतो आणि त्यांच्या उबेला बसून आपलं आयुष्य वाढवतो. पाळण्यापर्यंत न पोचलेलं ते हेच.

"माझंही तिथे आहे?" राणीनं विचारलं.

"आहे. पण वाट तीन ठिकाणी अडवली आहे, आणि तिन्ही ठिकाणी तुला एकच प्रश्न विचारतील. उत्तर दिलंस की फसलीस."

"तुला कसं ठाऊक?"

"आमच्या घरट्यात कोकिळेची पोरं निघतात, बाई. कोण येणार हे विचारायची सोय आम्हाला कधी नव्हती. आलेल्याला चारा घालायचा, एवढं येतं."

राणीनं पदर खोचला आणि निघाली. कावळी पुढे उडाली.

पहिली आडवी आली नदी. काठाला दोन नावा, एक सोन्याची, एक रुप्याची. नावाडी दगडासारखा बसलेला. तो म्हणाला, मुलगा हवा तर सोन्याच्या नावेत बस, मुलगी हवी तर रुप्याच्या. राणी म्हणाली, "मला पलीकडे जायचं आहे." आणि लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन पाण्यात उतरली. पाणी गळ्याशी आलं, पायाखालची वाळू सरकली, दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. पण पलीकडे पोचली. मागे वळून बघते, तर दोन्ही नावांना तळच नव्हते.

दुसरी आडवी आली आमराई. दारात राखणदारीण, केस जमिनीपर्यंत. तिनं दोन आंबे पुढे केले. केशरी आंबा खाल्ला की मुलगा, हिरवा खाल्ला की मुलगी, आणि खाल्ल्याशिवाय वाट नाही. राणी दोन दिवसांची उपाशी, तोंडाला पाणी सुटलं. तरी तिनं मान हलवली, खाली वाकली आणि पाचोळ्यात पडलेला, पाखरानं चोच मारलेला एक आंबा उचलला. केशरी की हिरवा, ते आता त्यालाही सांगता आलं नसतं. तिनं तो सालीसकट खाल्ला. आंबट होता, पण पोटाला आधार झाला. राखणदारीण बाजूला झाली, कारण खाल्ल्याशिवाय वाट नाही एवढंच तिला सांगून ठेवलेलं होतं.

तिसरी गुहा. आत भिंतीला लागून गाडगी रचलेली, उजवीकडे तांबडी, डावीकडे पिवळी, आणि प्रत्येकात एकेक ठिणगी. मध्ये विकटनाथ, तुकतुकीत, विशीतल्या पोरासारखा. तो मुळीच रागावला नाही. उलट बसायला आसन दिलं.

म्हणाला, "राणी, इथवर कुणी आलं नाही. म्हणून एक गाडगं देतो. तांबड्यांत मुलगे, पिवळ्यांत मुली. निवड आणि घरी जा. बाकीची माझी."

आणि त्यानं एक तांबडं गाडगं तिच्या हातात ठेवलं. कोमट होतं. मुलगा होता. गादी, मान, नवरा, घर, सगळं त्या गाडग्यात होतं. दुसरं लग्न मोडलं असतं, आक्कासाहेबांनी ओवाळलं असतं. राणीनं ते छातीशी धरलं. हो, धरलं, खोटं कशाला सांगू? कुणीही धरलं असतं. कावळी दारात बसून बघत होती.

मग राणीला बाकीची गाडगी दिसली. भिंतभर ठिणग्या टकाटका तिच्याकडे बघत होत्या. ह्यांतलं माझं कुठलं? हेच कशावरून? मी ह्याला मुलगा म्हणून नेलं आणि माझं इथेच राहिलं तर? तिनं गाडगं होतं तिथे परत ठेवलं आणि हात जोडून उभी राहिली.

ती म्हणाली, "मी निवडायला आले नाही, बाळांनो. आमच्या पाळण्यात आम्ही दगड निजवला, ती आमची चूक. माझी कूस ही इथे उभी आहे. ज्याला यायचं असेल त्यानं यावं. कुणी नाही आलं तरी तुम्ही सगळी आपापल्या घरी जा, तुमच्या आया वाट बघताहेत."

विकटनाथ किंचाळला, की असं चालत नाही, निवडावंच लागतं. पण त्याचा सगळा मंत्र निवडणाऱ्यावर बांधलेला होता. न निवडणारं माणूस येईल हे त्याच्या ध्यानीमनीच नव्हतं. गाडगी एकामागून एक तडकली. ठिणग्या बाहेर पडल्या, तांबड्यातल्या नि पिवळ्यातल्या अशा मिसळल्या की वेगळ्या ओळखता येईनात, आणि दारातून निघाल्या. एक तेवढी मागे राहिली. राणीभोवती फिरली, जरा घुटमळली, आणि तिच्या ओटीत शिरली. राणी हसता हसता रडली.

विकटनाथाचे केस पिकले, दात पडले, पाठ वाकली. मुठीएवढा म्हातारा होऊन तो पाणी मागू लागला. राणीनं त्याला पाणी दिलं. त्यानं पुढे कुणाचं काही बिघडवलं नाही, तेवढं त्राणच उरलं नाही त्याला.

राणी घरी आली तेव्हा दुसऱ्या लग्नाचा मांडव घातला जात होता. ती थेट पाळण्याच्या दालनात गेली. राजा दगडापाशीच बसला होता. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "महाराज, नाव तुम्ही ठेवलंत, तुम्हीच परत घ्या. नाहीतर माझ्या ओटीतलं हेही मागे फिरेल."

राजा म्हणाला, "मुलगा आहे?"

"ठाऊक नाही. मी विचारलं नाही."

राजानं दगडावर हात ठेवला. त्याला तो दगड सोडवेना. एवढे दिवस बोलला होता त्याच्याशी, माया लागली होती. शेवटी तो वाकला आणि दगडाच्या टोकाशी तोंड नेऊन म्हणाला, "तू रणशूर नाहीस. तू वरवंटा आहेस. माझं चुकलं." त्यानं दोन्ही हात घातले, तर दगड चटकन वर आला, आपल्या वजनाचा, वरवंट्याएवढा.

मांडव उतरला. दवंडी पिटली. घरोघरी बापांनी पाळण्यात वाकून चुकलो म्हटलं आणि वरवंटे स्वयंपाकघरात नेले. त्या दिवशी राज्यात जी मिरची वाटली गेली, तिनं सगळ्यांना एकदम ठसका लागला. नऊ महिने सरत आले तशा सुइणींना जेवायला उसंत मिळेना.

राणीचे दिवस भरले. त्या राज्यात मुलगा झाला तर नगारा वाजे, मुलगी झाली तर घंटा. दारात नगारेवालाही उभा, घंटेवालाही उभा, दोघं एकमेकांकडे बघत होते. राजा ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. आतून राणीचं कण्हणं ऐकू येई, मग तेही थांबलं. राजाच्या तोंडचं पाणी पळालं. गादी, आजा, पणजा, काही म्हणजे काही त्याला आठवेना.

सुईण बाहेर आली. राजानं विचारलं, "राणी कशी आहे?"

"सुखरूप आहेत."

"आणि बाळ रडलं का?"

तेवढ्यात आतून असं काही भोकाड ऐकू आलं की सुईणीला उत्तर द्यावं लागलं नाही. राजा खांबाला टेकून खाली बसला आणि त्यानं डोळे पुसले. नगारेवाल्यानं हळूच विचारलं, महाराज, आम्हा दोघांत वाजवायचं कुणी? राजाला तो प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "वाजवा की." मग दोघांनीही वाजवलं, आणि पुढे तीच रीत पडली.

मुलगी होती. राजा आत गेला तेव्हा ती राणीच्या कुशीत मुठी आवळून पडली होती. त्यानं तिला उचलून घेतलं. इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. राणी त्याच्या तोंडाकडे बघत होती. काय दिसेल या धास्तीनं तिनं श्वास रोखून धरला होता.

राजा म्हणाला, "हिला भूक लागलीय, राणी. मी काय करू?"

राणीनं श्वास सोडला. म्हणाली, "द्या इकडे."

त्यांना जसं सुख लाभलं तसं ऐकणाऱ्यांना लाभो, आणि ज्याच्या दारी जे येईल ते पोटभर दूध पिऊन निजो.