सगुणाबाईंचा मणका

"पण सर, मणका पूर्ण जागेवर का नाही आणायचा?"

डॉ. निनाद हिरेमठ जरा चढ्या आवाजातच बोलला. समोर काचेवर सगुणाबाई कोळेकरांच्या कमरेचा एक्स-रे लावला होता. खालचा मणका चांगलाच पुढं घसरलेला. उद्या ऑपरेशन. स्क्रू घालून मणके एकमेकांना जोडायचे होते.

केळुसकर सर बाकावर बसून शेंगदाणे खात होते. अख्ख्या मिरजेच्या कमरा सांभाळलेला माणूस, पण घाई म्हणून कशाची नाही.

"आधी सांग, अशा ऑपरेशनात पायाच्या नसेला इजा कुणाला होते?"

निनादनं पाढे म्हटल्यासारखं सुरू केलं. "वय झालेलं असेल. साखर असेल. तंबाखू, मिश्री. आधी त्याच जागी एकदा ऑपरेशन झालेलं. मणका जास्त घसरलेला..."

"आणि बाईंना यातलं काय काय आहे?"

"...सगळंच."

"वा! पैकीच्या पैकी."

सगुणाबाई तिथंच स्टुलावर बसल्या होत्या. "मिश्री सोडली हाय हां मी," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "परवापास्नं."

सर खो खो हसले. बाईही हसल्या. मग पदर मुठीत घट्ट धरून म्हणाल्या, "डाक्टर, कंबर कशीबी राहू द्या. पाय तेवढा शाबूत ठेवा. पायमशिनीवर कापडं शिवून जगते मी."

निनादनं मान डोलावली. पण खुमखुमी काही जाईना.

"सर, माझा हात बसलाय आता. मी पूर्ण ओढून सरळ करतो. पुण्याला डॉक्टरांच्या परिषदेत दाखवायचाय हा एक्स-रे."

"बरं... ये, बस इथं."

निनाद शेजारी टेकला. सर शेंगदाण्याची पुडी सावरत जरा त्याच्याकडं सरकले.

"आता ऊठ. एकदम. ताठ!"

निनाद झटक्यात उठला आणि टर्रर्र! पांढऱ्या कोटाची शिवण बगलेपर्यंत उसवली. कोटाचं टोक सरांच्या खाली अडकलं होतं.

"अगं बया!" सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "बरी झाले की शिवून देते हो."

निनाद कानापर्यंत लाल झाला. "सर, तुम्ही कोटावर बसला होता! सांगायचं तरी!"

"नसेला तोंड असतं होय?"

...

निनाद फाटका कोट घेऊन एक्स-रेसमोर किती तरी वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मणक्याला हात लावण्याआधी नस शोधली. सरांच्या खाली अडकलेल्या कोटासारखी ती जुन्या ऑपरेशनच्या वणात पार चिकटून बसली होती. ती हळूहळू मोकळी केली. मग मणका थोडा मागं ओढला. अजून थोडा... नस ताणायला लागलेली दिसली.

हत्याराला आणखी एक पीळ दिला असता, तर एक्स-रे कसा चित्रासारखा आला असता! हात नुसता शिवशिवत होता त्याचा. त्यानं सरांकडं पाहिलं. सर छताकडं बघत होते.

निनादनं हत्यार खाली ठेवलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बाईंच्या खाटेशी गेला.

"मावशी, पाय वर उचला. बोटं... अंगठा..."

अंगठा उठला. दुसराही उठला. बाईंनी दोन्ही पावलं खालीवर नाचवून दाखवली, जणू मशीनवरच बसल्यात. निनादला इतका आनंद झाला की त्यानं शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचाच हात हातात घेऊन हलवला. ते बिचारे दचकून जागे झाले.

दुपारी नवा एक्स-रे काचेवर लागला. मणका निम्मा जागेवर, निम्मा पुढंच.

निनादचा चेहरा जरासा पडला. "वाकडाच राहिला, सर. आता पुण्याच्या परिषदेत काय दाखवू?"

सरांनी एक्स-रे काढला, पाकिटात घातला.

"हा राहू दे इथंच... बाईंनाच घेऊन जा."