पुढच्या दारी धाडावे

एका राज्यात चकव्याचा सण मोठा होता. वर्षातून एक दिवस ज्याने त्याने ज्याला त्याला फसवावे आणि फसलेल्याने रागावू नये, अशी तिथली रीत. हा सण चालता सण होता. आज या राज्यात, उद्या उत्तरेच्या राज्यात, परवा त्याच्याही पलीकडच्या, असा तो रोज एकेक मुलूख ओलांडत जाई.

राजा विलासकेतू सणाचा भारी शौकीन. कोणी परका काही मागायला आला, की त्याच्या हाती तो मोहोरबंद पत्र देई आणि म्हणे, "अमक्याच्या दारी जा, काम होईल." पत्रात एकच ओळ असे: 'या वेड्याला पुढच्या दारी धाडावे.' वाचणारा गंभीर चेहरा करून पुढचे दार दाखवी, आणि सारी नगरी हसू दाबून मागोमाग चाले.

एका वर्षी सणाच्या सकाळी धुळीने माखलेला एक म्हातारा दरबारात आला. "महाराज, माझी एकुलती लेक तापाने फणफणली आहे. या नगरीत औषध मिळते असे ऐकले."

राजाने त्याचे नावही विचारले नाही. पत्र लिहून दिले.

म्हातारा कासाराच्या दारी गेला, कासाराने माळ्याच्या दारी धाडले, माळ्याने अत्तरवाल्याच्या. ऊन चढले. पायांना फोड आले. शेवटी तो राजवैद्यीण कुमुदेच्या दारी उभा राहिला.

कुमुदेने पत्र वाचले. औषध तिच्या फडताळातच होते. कुपीत एकच मात्रा उरली होती. 'थांबा' हा शब्द तिच्या ओठांवर आलाही. पण गल्ली माणसांनी भरली होती. सगळे तोंडाला पदर, शेले लावून वाट पाहत होते, आणि थट्टा मोडणाऱ्याची धिंड निघे. कुमुदा हसली नाही. तिने नुसते बोट दाखवले. "पुढच्या दारी जा, बाबा."

पुढचे दार स्मशानाचे होते.

म्हातारा तिथे थबकला, आणि नगरीला हसू फुटले. राजा सज्जात पोट धरून हसला. तेव्हा म्हातारा वळला. तो कृष्णपहाडाचा जादूगार वज्रजट होता.

"हसा," तो म्हणाला. "आता थांबू नका."

आणि हसू थांबेना. लोकांनी तोंडे दाबली, विहिरीत डोकी बुडवली, तरी थांबेना. पाळण्यातली भुकेली पोरे रडायची ती खदखदू लागली. डोळ्यांत भय आणि तोंडात हसू, असे चेहरे रस्तोरस्ती दिसू लागले. एकटी कुमुदा गप्प होती. ती कुपी घेऊन धावली. "बाबा, औषध आहे! हे घ्या!"

"ही आजची कितवी थट्टा?" वज्रजट म्हणाला. त्याने पत्र तिच्या पायाशी टाकले. "शाप उतरवायचा आहे? मग हेच पत्र घे आणि उत्तरेला चालू लाग." एवढे बोलून तो धुरासारखा विरला.

कुमुदा वैद्यीण होती. माणूस तीन दिवस हसू शकतो, चौथ्या दिवशी काळीज फुटते, हे ती जाणत होती. पत्रात काय आहे, तेही तिला ठाऊक होते. पण कृष्णपहाडाची वाट कोणालाच माहीत नव्हती. पुढच्या दारी धाडणारेच ती दाखवणार. तिने कुपी पदरात बांधली आणि ती निघाली.

पहिल्या दिवशी ती मत्स्यनगरीत पोहोचली. तिथे सणाला परक्याच्या पाठीला कागदाचा मासा चिकटवत. वेशीच्या रखवालदाराने पत्र वाचले आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "सात कोस चाल. मागे पाहिलेस, तर मासा तुला गिळेल."

पहिल्या कोसाला कागद ओला झाला. तिसऱ्याला तो श्वास घेऊ लागला. पाचव्या कोसाला त्याचे दात मानेला लागले, आणि तो कुमुदेच्याच आवाजात म्हणाला, "पुढच्या दारी जा, बाबा." सात कोस तो तेच बोलत राहिला. कुमुदा रडली, पण तिने मान वळवली नाही. सातव्या कोसाला मासा गळून पडला.

दुसऱ्या दिवशी पिठाचे राज्य लागले. तिथे सणाला एक खोटा राजा गादीवर बसे आणि त्याची आज्ञा खरी मानत. त्याने पत्र वाचून मूठभर पीठ उधळले. पिठातून कुमुदेचा मेलेला नवरा उभा राहिला. तोच चेहरा, तापाने तसेच सुकलेले ओठ.

"कुमुदे, ते औषध मला दे. मी परत येईन."

तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला. गाठ अर्धी सुटलीही. मग ती पुटपुटली, "हे दुसऱ्याचे आहे, धनी," आणि तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा जमिनीवर नुसते पीठ होते. खोट्या राजाने मुकाट्याने पुढची वाट दाखवली.

तिसऱ्या दिवशी दगडी कमानीवर एक पोपट बसला होता. इतक्यात दुपारची घंटा झाली.

"आमच्याकडे घंटेनंतर थट्टा चालत नाही," पोपट म्हणाला. "आता मी खरेच बोलणार. पुढचे दार वज्रजटाचे आहे. तिथून कोणी परतलेले नाही. शाप तुला लागलेला नाही. इथून फिरलीस तर वाचशील."

कुमुदा पायरीवर बसली. परत जावे, दूरच्या गावी राहावे, कोणाला कळणार?

"दार कोणत्या बाजूला?" तिने शेवटी विचारले.

पोपटाने पंख उचलून दाखवले.

गुहेत वज्रजटाची लेक पिंगला निजली होती. ओठ निळे, अंग निश्चल. तिच्या तोंडातून धुराचा एक धागा निघाला होता, आणि त्याचे टोक वज्रजटाने मुठीत घट्ट धरले होते. तीन दिवस त्याची पापणी मिटली नव्हती.

"हा तिचा श्वास आहे," तो म्हणाला. "औषध घशाखाली उतरायला मला मूठ सोडावी लागेल. कुपीत पाणी निघाले, तर ती गेली. चाखून दाखव."

"एकच मात्रा आहे. चाखली तर उरणार नाही."

"मग विश्वास कशावर ठेवू?"

खोटे बोलायची हीच वेळ होती. पण कुमुदा म्हणाली, "कशावर ठेवाल? त्या दिवशी हे औषध माझ्या घरात होते. तुमची लेक मरेल हे मला कळत होते. मी लोकांना घाबरले आणि तुम्हाला स्मशान दाखवले."

वज्रजटाचा हात उगारला गेला. गुहेतल्या ज्योती काळ्या पडल्या. कुमुदा खाली मान घालून उभी राहिली.

घाव पडला नाही. "फसवायला आलेले माणूस असे बोलत नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. एकेक करून त्याने मुठीची बोटे उघडली.

धागा सुटला. कुमुदेने कुपी पिंगलेच्या ओठांशी रिती केली. काही झाले नाही. म्हाताऱ्याने डोळे झाकून घेतले. मग पिंगलेच्या कपाळावर घामाचा एक थेंब फुटला, मागून दुसरा.

"बाबा, पाणी," ती म्हणाली.

त्याच क्षणी नगरीतले हसू तुटले. माणसे होती तिथे कोसळली आणि ढसढसा रडली. दुबळ्या काळजाचे अकरा जण हसता हसता आधीच गेले होते. त्यांना कोणताही मंत्र परत आणू शकला नाही. विलासकेतूने त्या अकराही घरांत जाऊन जमिनीला डोके टेकले, आणि मग दवंडी पिटवली: सण होईल, पण मागायला आलेल्याला कोणी फसवणार नाही.

वज्रजटाने कुमुदेला क्षमा केली की नाही, हे कोणालाच कळले नाही. पिंगला मात्र पुढच्या वर्षी औषधे शिकायला तिच्याकडे आली आणि तिथेच राहिली. कुमुदेने घराच्या दाराची कवाडे काढून टाकली होती.

त्या नगरीचे भय जसे सरले, तसे तुमचेआमचेही सरो.