पंपाच्या जागी बल्ब

शुद्धलेखनाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत; शाळा लवकर सुटली. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

एकदा एका मिरचीच्या व्यापाऱ्याची मोटार चढावर बंद पडली. ढकलत ढकलत ती एका वृद्ध उस्तादाच्या गॅरेजात आली. उस्ताद मोटारींच्या विजेच्या कामात मुरलेला. त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता, बोलायला लाजाळू, कामाला प्रामाणिक. याच गाडीच्या पेट्रोल टाकीत महिन्यापूर्वी त्यानेच नवा पंप बसवला होता.

शिष्याने पंपाची वायर सोडवून तिच्या टोकांना मीटर लावला. साडेबारा व्होल्ट. त्याला हुरूप आला.

“शेठ, वीज बरोबर पोचते आहे. पंपच गेला.”

“महिन्यात?”

“माल नकली असणार.”

पंप दिला होता बाजारातल्या एका दुकानदार बाईंनी. व्यापारी तापला. “एकटी बाई दुकान चालवते म्हणून मी मुद्दाम तिच्याकडे जातो, आणि मलाच टोपी घालते? सांगतो आता सगळ्यांना!” तो तणतणत बाजाराकडे गेला.

उस्ताद हातातले काम ठेवून गाडीजवळ आला. तो म्हणाला, “मीटर ठेव बाजूला. हेडलाइटचा जुना बल्ब आण.”

“उस्ताद, दिवे तर सगळे लागतायत.”

“आण रे.”

उस्तादाने वीज चालू-बंद करणारा रिले काढून त्याच्या जागी वायरचा तुकडा जोडून पंपाकडची वीज चालू ठेवली आणि सोडवलेल्या टोकांना पंपाऐवजी तो बल्ब लावला. बल्ब विडीच्या टोकासारखा लालसर धुमसला.

“आता मोज.”

चार व्होल्ट! शिष्य मीटरकडे बघतच राहिला.

उस्ताद म्हणाला, “मघाशी वायरीवर कामच नव्हतं. बसून राहिलेल्याला विचारलंस, तो म्हणाला सगळं ठीक. हा बल्ब जवळजवळ पंपाइतकीच वीज ओढतो. भार पडला की खरं काय ते कळतं. आणि तू त्या एका आकड्यावर पंपाचा निकाल लावलास, पंपावरून त्या बाईंचा.”

शिष्याने बल्ब तसाच ठेवून एकेक जोड तपासला. पंपाची अर्थिंगची वायर आणि ती जिथे बोल्टने आवळली होती तो गाडीचा पत्रा यांच्यामध्ये मीटरने आठ व्होल्ट दाखवले. वीज परत जायची वाट तिथे अडली होती. त्याने बोल्ट उघडला. खाली काळा रंग. गंज दिसला म्हणून महिन्यापूर्वी त्यानेच तो मोठ्या हौसेने दिला होता आणि त्यावरच बोल्ट आवळला होता. रंगातून वीज जात नाही; बोल्टाच्या आट्यांवर महिनाभर कसेबसे भागले होते.

रंग खरवडून बोल्ट आवळताच बल्ब लख्ख पेटला. तोच पंप पुन्हा जोडला, तर गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

“शेठना फोन करतो,” शिष्य पुटपुटला.

“कर. पण एव्हाना त्यांनी निम्म्या बाजाराला सांगितलं असेल.”

शिष्याने फोन केला. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. तिथे तिघे-चौघे घेतलेला माल परत करायला आले होते. बाई मान खाली घालून खोकी उघडत होत्या. शिष्याचे कान तापले, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असे तो बोलला, “बाईंचा पंप चांगला आहे. गाडी माझ्या चुकीने बंद पडली.”

“काल तर म्हणे छातीठोक सांगत होतास!” एकाने टोमणा मारला.

“हो. चुकीचं सांगितलं,” शिष्य म्हणाला. आणि त्याचा आवाज कापला नाही.