सगळं सुरळीत असलेला कालवा

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मलाही ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे तो थापा मारतो असं खुशाल समजा.

एका राज्यात पठारावर एक गाव होतं आणि खाली सपाटीला दुसरं. मधे दाट रान. वरच्या गावाला भरलेलं तळं, खालच्या गावात पाण्याचा ठणठणाट. राजाने हुकूम काढला, "दोन्ही गावांनी आपापल्या बाजूने कालवा खणावा आणि रानातल्या मोठ्या वडापाशी जोडावा." देखरेखीला कारभारी नेमला.

रानामुळे एका गावाचं काम दुसऱ्याला दिसत नसे, म्हणून निरोपाला एक पोपट ठेवला. पण हा पोपट प्रत्येक निरोप आधी रानाकडेच्या कारभाऱ्याच्या हवेलीच्या खिडकीत बसून ऐकवायचा. आणि कारभाऱ्याने तर दवंडीच पिटली होती, "ज्याच्या कामात चूक निघेल, त्याची गाढवावरून धिंड!"

वरच्या गावाचा मुकादम सटवाजी. कामाला वाघ, पण कारभाऱ्याचं नाव निघालं की शेळी. त्याची लेक खालच्या गावात दिलेली. बिचारी रोज दोन कोस चालून पाणी आणायची, आणि आता तिला सातवा महिना लागला होता. सटवाजीने तिला शब्द दिला होता, "पोरी, बाळंतपणाआधी पाणी तुझ्या दारात आणतो."

खणता खणता कातळ लागला. पहारी वाकल्या, कातळ हलेना. सटवाजीने कालवा गुपचूप डावीकडे वळवला, चांगला पन्नास हात.

"अहो, खालच्यांना कळवा की," बायको म्हणाली.

"आणि गाढवावर तू बसणार का?"

"लेकीसाठी बसेन हो! तुम्ही बसाल का ते सांगा."

बोलणं सटवाजीला झोंबलं. तो तरातरा पोपटाकडे गेला, तोंड उघडलं आणि कारभाऱ्याची खिडकी आठवली. "सांग... सगळं सुरळीत."

खाली काय वेगळं चाललं होतं? तिथे दलदल लागली. तिथल्या मुकादमानेही कालवा दुसऱ्याच अंगाला सरकवला आणि तोच निरोप धाडला. पोपटाची मात्र चैन झाली. वाक्य एकच, पेरू दोन्हीकडे!

पाणी सोडायचा दिवस उजाडला. खालच्या गावात राजा आला, कारभारी आणि दोन्ही मुकादम आले, ताशे वाजले, बाया हंडे घेऊन उभ्या राहिल्या. सटवाजीची लेकही त्यांत होती. वर तळ्याचं दार उघडलं. सगळे कालव्यात डोकावले. दुपार टळली. कालव्यातून एक सरडा आला, मंडळींकडे बघून मान हलवली आणि निघून गेला.

तेवढ्यात कारभाऱ्याचा गडी धावत आला, नखशिखांत भिजलेला.

"काय रे, हवेलीवर काय झालं?" कारभाऱ्याने विचारलं.

"सगळं सुरळीत आहे, सरकार."

"मग भिजलास कसा?"

"पोहत आलो, सरकार. आपला पलंगही निघालाय मागून."

सटवाजीच्या वळवलेल्या कालव्याचं पाणी उतार धरून थेट हवेलीत घुसलं होतं! लोक पोट धरधरून हसले. राजा मात्र गरजला, "कालवा कुणी वळवला?"

हसू विरलं. सटवाजीने लेकीकडे पाहिलं. ती रिकाम्या हंड्याशेजारी मटकन बसली होती आणि पदराने डोळे टिपत होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की भीती कुठल्या कुठे गेली.

"मी वळवला, महाराज! कातळ लागला होता. धिंडीला भ्यालो, म्हणून सांगितलं नाही."

"मीही भ्यालो, महाराज," खालचा मुकादम पुटपुटला.

राजाने दोघांना समोरासमोर बसवलं. घटकाभरात तोडगा निघाला. "दोन्ही तोंडं जोडायला आठ दिवस लागतील, महाराज," सटवाजी म्हणाला.

"तोवर या लेकीबाळींचं पाणी कोण आणणार?" राजाने विचारलं, आणि कारभाऱ्याकडे पाहिलं.

आठ दिवस कारभारी डोक्यावर हंडे घेऊन दोन कोस चालला. नवव्या दिवशी लेकीच्या दारात पाणी खळाळलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्यानेच वाजवल्या.

तात्पर्य: चूक सांगणाऱ्याला धाक घातला, की चूक थांबत नाही, फक्त तिची बातमी थांबते.