सोमवारचा न्हावी

गिरणीचा भोंगा अजून वाजत होता, तेव्हाची ही गोष्ट. गिरणीमागे धुराड्याची वस्ती होती आणि वस्तीच्या कडेने नाला वाहायचा. अलीकडे पत्र्याची घरं, पलीकडे कुष्ठरोग झालेल्यांच्या झोपड्या. अलीकडची माणसं उरलेली भाकरी नाल्यातल्या एका दगडावर ठेवून यायची. त्या दगडापुढे कुणी जायचं नाही.

जायचा तो फक्त गेनबा न्हावी. सोमवारी न्हाव्यांना सुट्टी. त्या दिवशी गेनबा धोतर वर खोचून नाला ओलांडायचा. पलीकडच्यांच्या दाढ्या करायचा, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचा. असं म्हणतात, त्याच्या वस्तऱ्याला आजार आधी कळायचा. या आजारात कातडी बधिर होते; वस्तरा लागूनही गिऱ्हाईक 'स्स्' म्हणालं नाही, की गेनबाचा हात थांबायचा. मग तो त्या माणसाला स्वतः दवाखान्यात न्यायचा आणि कुणाला एक शब्द सांगायचा नाही.

गिरणीत कामाला एकट्याच आलेल्या अंबादासचा आजार असाच कळला होता. औषधं घेऊन तो बरा झाला, पण बोटं आखडलेलीच राहिली. कुणी खोली देईना, म्हणून तो पलीकडेच राहिला. पुढे त्याची धाकटी बहीण कौसल्या वस्तीत सून होऊन आली. सासरचे आपल्याला हाकलून देतील, या भीतीने तिने सांगून टाकलं होतं, "भाऊ वारला." अंबादास दर सोमवारी गेनबाला एवढंच विचारायचा, "ती बरी आहे ना?"

कौसल्येला मुलगा झाला. त्याचं जावळ काढायचा दिवस आला. जावळ काढताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात. मामा नाही, म्हणून शेजारच्या एकाला पाटावर बसवलं. बाळाने असा टाहो फोडला, की गिरणीचा भोंगा ऐकू आला नाही. माणसं बदलली, तरी तेच. आणि असं म्हणतात, त्या दिवशी गेनबाचा वस्तरा उघडेचना.

"मामा आला की बोलवा," गेनबा म्हणाला आणि पेटी आवरू लागला.

"अहो आबा, वारलेला मामा आणायचा कुठनं?" कौसल्येची सासू म्हणाली.

गेनबाने पेटीचं झाकण लावलं. त्याने कौसल्येकडे पाहिलंसुद्धा नाही. बाळ रडून रडून निळं पडत चाललं होतं.

तेव्हा कौसल्या म्हणाली, "माझा भाऊ आहे. नाल्यापलीकडे आहे."

पाटाभोवतीची माणसं मागे सरकली. सासूने गेनबाला विचारलं, "तुम्ही शिवता त्याला?"

"दर सोमवारी. आणि मंगळवारी तुमच्या मुलाची दाढी करतो."

कौसल्येच्या नवऱ्याने पटकन गाल चाचपला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काय झालं का त्याला इतक्या वर्षांत?" गेनबा म्हणाला. "अंबादास बरा झालाय. डॉक्टरांना विचारा."

सासू सुनेकडे वळली. मग म्हणाली, "एवढी भ्यालीस मला? जा, घेऊन ये त्याला. पाट मांडून ठेवलाय."

अंबादास आला. बोटांनी धरता येत नव्हतं, म्हणून त्याने बाळाला कोपराच्या बाकात घेतलं. बाळाने एकदा वर पाहिलं आणि ते झोपी गेलं. वस्तरा आपोआप उघडला, पाण्यासारखा फिरला, कुठे ओरखडासुद्धा उठला नाही. त्या संध्याकाळी नाल्याचं पाणी नितळ झालं, असंही म्हणतात. तो नाला पाहिला की हे खरं वाटत नाही, पण सांगणारे सगळे सांगतात.

आज गिरणी बंद आहे. दगडाच्या जागी छोटा पूल आहे. इतर ठिकाणी सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद असतात, पण धुराड्याच्या वस्तीत गेनबाच्या नावाने एक खुर्ची उघडी ठेवतात. तिच्यावर पहिला मान पलीकडच्यांचा. आणि ज्या बाळाला मामा नाही, त्याच्यासाठी पुलावरून मामा येतो. वस्तरा लावण्याआधी न्हावी मोठ्याने विचारतो, "मामा आला का?"

सगळी वस्ती ओरडते, "आला!"