रिकामी डी ड्राइव्ह

एकदा एक निवृत्त शिक्षक आपल्या चौदा वर्षे जुन्या संगणकाचा सीपीयू रिक्षात मांडीवर घेऊन संगणक दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या दुकानी आले. यंत्र सुरू व्हायला पाव तास लागे. नवे घेणे पेन्शनीत बसत नव्हते. गावातला कोणता वृक्ष कोणत्या दिवशी फुलला, याच्या चौदा वर्षांच्या नोंदी त्यात होत्या. एखादा भाग बदलून यंत्राने त्या नोंदींचे पुस्तक होईपर्यंत साथ द्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

कारागिरांची एक पद्धत होती आणि तिला त्यांची शिष्या मनातून कंटाळली होती. आलेल्या माणसाला ते त्याच्याच यंत्रापुढे बसवीत, चहा मागवीत आणि रोज जे करता ते करा म्हणत. मग अर्धा तास नुसते बघत राहत. शिष्येचा हात मोठा चपळ. बिघाड यंत्रात असताना माणसाकडे काय बघायचे, असे तिला वाटे.

त्या दिवशी कारागीर परगावी लग्नाला गेले होते. शिष्येने शिक्षकांना बसवून घेतलेच नाही, उद्या संध्याकाळी या म्हणाली. तिने नवी वेगवान डिस्क बसवली. जुनी टाकायची कशाला, म्हणून जास्तीची जागा म्हणून तीही राहू दिली. मग या धंद्यात सगळे करतात तेच तिने करायला घेतले: जुन्या डिस्कवरची यंत्र चालवणारी सी ड्राइव्ह पुसायची आणि माणूस आपले साठवतो ती डी ड्राइव्ह राखायची. डी उघडली, तर रिकामी. तिला बरेच वाटले, राखायला काही नव्हतेच. तिने जुनी डिस्क सगळी पुसली आणि नीट चालते का हे पाहायला तिच्यावर मोठमोठे सिनेमे भरून बघितले. यंत्र आता वीस सेकंदांत उघडू लागले.

सकाळी कारागीर परतल्यावर तिने हे सगळे हौसेने सांगितले. रिकाम्या डीचे ऐकताच, पुसलेल्यावर आणखी काही चढू नये म्हणून, त्यांनी चालत्या यंत्राची वायर ओढून काढली.

"चौदा वर्षं एक माणूस या मशीनपुढे बसतोय आणि त्याची डी रिकामी? तिथेच तुझा हात थांबायला हवा होता," ते म्हणाले. "ज्याला ड्राइव्ह कळत नाही, तो सगळं डेस्कटॉपवर, पहिल्या पडद्यावरच, ठेवतो. उघडल्या उघडल्या समोर दिसावं म्हणून. आणि डेस्कटॉप असतो सीमध्ये. हे मशीन सांगत नाही गं. माणूस माउस कुठे नेतो ते बघितलं की कळतं. चहा मी त्यासाठी मागवतो."

"काका, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

कारागिरांनी हातातली वायर खाली ठेवली. "चुकलंच माझं. बघून तुला कळेल, असं वाटलं."

पुसलेले काही सापडते का, हे दोघे दिवसभर शोधत बसले. पण सिनेमे नेमके त्याच जागेवर चढले होते. पाच महिन्यांच्या नोंदी हाती आल्या, त्याही तुटक. बाकीची वर्षे गेली होती आणि गेल्या वर्षीचा पांगारा पुन्हा फुलवून त्याची तारीख लिहून घेता येणार नव्हती.

संध्याकाळी शिक्षक आले. सांगायचे ते तूच सांग, असे कारागिरांनी बजावले होते. तिने काही न लपवता सांगितले. शिक्षक रागावले असते तर तिला सोसले असते. ते त्या झटकन उघडलेल्या स्वच्छ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी अगदी अदबीने विचारले, "ते पूर्वीसारखं हळू केलं, तर परत येईल का? मला थांबायची सवय आहे."

शिष्येने नाही म्हणून सांगितले. यापेक्षा अवघड शब्द तिने आजवर उच्चारला नव्हता.

दुसऱ्याचा वेळ वाचवायला निघालेल्याने आधी आपला थोडा वेळ त्याला द्यावा. शिक्षक सीपीयू घेऊन आले त्या दिवशी शिष्येकडे तेवढा वेळ होता, तिने तो दिला नाही.