रखमाजी नि॥

“निपुत्रिक? मंग आमी काय आभाळातनं पडलो का?”

गोजराबाई खर्डे नातवाला कडेवर घेऊन गोदाकाठच्या घाटावर आल्या होत्या. कुळाच्या वहीत त्याचं नाव घालायचं होतं. त्यांच्यामागं माझा नंबर होता. ती वही दाजीशास्त्र्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, सगळी मोडीत. त्यांचा शिष्य श्रीरंग ती नव्या वहीत बाळबोध लिपीत उतरवत होता. मोडी तो झरझर वाचायचा, आणि हे चारचौघांना कळेल याची काळजीही घ्यायचा.

“बाई, मूळ वहीत रखमाजीपुढं ‘नि॥’ आहे. जुने लोक शब्दाचं पहिलं अक्षर लिहून पुढं दोन दंड ओढत. नि॥ म्हणजे निपुत्रिक. शाखा तिथंच संपली. आता याचं नाव कुठं घालू?”

बाईंचे डोळे भरून आले.

“पितरपाटात रखमाजीबाबाच्या नावानं पान वाढितो आमी. आन् ह्या पोराला आता पणजाच न्हाई म्हनायचा?”

दाजीशास्त्री सुपारी कातरत बसले होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

“श्रीरंगा, नि॥ म्हणजे निराळा का नाही? भावांपासून वेगळा राहिलेला?”

“असू शकेल...”

“निघून गेलेला?”

“तेही असेल...”

“मग निपुत्रिकच का?”

“मला तेच आधी सुचलं, गुरुजी.”

“लिहिणारा माझा आजोबा. भारी घाईचा माणूस. पण त्यानं शब्द अर्धा ठेवला. कुणाचं घर नाही बुडवलं.”

श्रीरंगची मान खाली गेली. पोरगा वाईट नव्हता, मला त्याची कीवच आली.

“मग काय लिहू?”

“‘पुत्रिक’ तेवढं खोड.”

त्यानं नव्या वहीतल्या आपल्या सुबक अक्षरावर रेघ मारली. ‘नि’ तेवढा उरला.

शास्त्र्यांनी बाईंच्या कडेवरचं बाळ अलगद घेतलं आणि श्रीरंगच्या मांडीवर ठेवलं. त्याला धड धरताही येईना. बाळानं मात्र त्याचं पेन मुठीत घट्ट पकडलं. बाई रडता रडता हसल्या.

“आता वाच. मोठ्यानं.”

“रखमाजी नि...”

श्रीरंग थांबला. वहीकडे बघितलं, मग बाळाकडे...

“अडलास कशाला?” शास्त्री म्हणाले. “पुढचं तुझ्या मांडीवर आहे.”